डबा, बाटली आणि स्त्रीबीज: प्लास्टिकमधल्या रसायनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वंध्यत्व उपचार केंद्राच्या प्रयोगशाळेत स्त्रीबीजं हाताळायचं काम करते. अर्धा दिवस सूक्ष्मदर्शकापुढे जातो आणि उरलेला फोनवर, कारण ‘ताई, सगळे डबे स्टीलचे घेतले तर फरक पडेल का?’ हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो. असे आलेले प्रश्न इथे एकत्र केलेत, साधारण ज्या शब्दांत आले त्याच शब्दांत. एकच उत्तर दोनदा देण्याऐवजी क्रमांक देऊन दुसऱ्या प्रश्नाकडे पाठवलंय.

१. प्लास्टिकच्या डब्यात जेवल्यामुळे मूल राहत नाही, हे खरं आहे का?

कुठल्याही एका बाईकडे बोट दाखवून ‘हिला डब्यामुळे दिवस राहत नाहीत’ असं सांगता येत नाही. जो कुणी सांगतो तो बहुधा काहीतरी विकत असतो. प्लास्टिकमधली काही रसायनं प्राण्यांच्या स्त्रीबीजांमध्ये बिघाड करतात, हे प्रयोगशाळेत अनेकदा दिसलंय. बायकांच्या अभ्यासांत त्या दिशेचे इशारे आहेत, पण ते एकसुरी नाहीत (प्रश्न ६). मूल न होण्यामागे वय, बंद नळ्या, पीसीओडी (हार्मोनच्या गोंधळामुळे बीज वेळेवर न सुटणं), थायरॉइड, शुक्राणूंची संख्या ही कारणं कितीतरी मोठी असतात. आपल्याकडे गर्भाशयाचा आणि नळ्यांचा क्षयरोगही अजून सापडतो. प्लास्टिक या यादीत आहे, पण बरंच खाली.

२. ‘हार्मोन बिघडवणारी रसायनं’ म्हणजे नेमकी कोणती?

दोन घराणी लक्षात ठेवली तरी पुरे. पहिलं बिस्फेनॉलचं. बीपीए म्हणजे बिस्फेनॉल ए, त्याच्यापासून काचेसारखं पारदर्शक आणि टणक पॉलिकार्बोनेट प्लास्टिक बनतं. पत्र्याच्या डब्यांना आतून देतात तो इपॉक्सीचा थरही त्याचाच. बीपीएस आणि बीपीएफ ही त्याची भावंडं. दुसरं घराणं थॅलेटचं. पीव्हीसी मुळात कडक असतं, थॅलेट घातलं की ते लवचीक होतं. यातलं सगळ्यात जास्त अभ्यासलेलं रसायन म्हणजे डीईएचपी. काही थॅलेट अत्तरं, डिओ आणि नेलपॉलिशमध्येही वापरतात.

बीपीएचा इतिहास मोठा मासलेवाईक आहे. प्लास्टिक म्हणून प्रसिद्ध होण्याआधी ते स्त्री-हार्मोनसारखं वागतं, हे कळलेलं होतं. लंडनमध्ये चार्ल्स डॉड्स कृत्रिम इस्ट्रोजेनच्या शोधात होते, त्यांनी १९३६ साली त्याचा हा गुण नोंदवला. मग त्यांना त्याहून कितीतरी जोरदार डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं आणि बीपीए मागे पडलं. डीईएस पुढे गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलं गेलं, आणि त्यांच्या मुलींमध्ये योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग दिसू लागला, तेव्हा १९७१ साली अमेरिकेत गरोदरपणातल्या वापराविरुद्ध इशारा निघाला. बीपीए १९५०च्या दशकात प्लास्टिकच्या कारखान्यात परतलं, आणि त्याची जुनी ओळख कुणी काढली नाही.

३. इतक्या थोड्या प्रमाणात काय फरक पडणार?

हार्मोन स्वतःच फार थोड्या प्रमाणात काम करतं. रक्तातलं इस्ट्रोजेन ग्रॅमच्या अब्जांश-खर्वांश भागांत मोजावं लागतं. त्यामुळे ‘थोडंसंच तर आहे’ हा युक्तिवाद इथे विषाइतका सरळ चालत नाही. बीपीए इस्ट्रोजेनच्या जागी जाऊन बसतं, पण अर्धवट. थॅलेटची तऱ्हा वेगळी आहे. डीईएचपी शरीरात गेलं की त्याचं एमईएचपी होतं. स्त्रीबीजाभोवतीच्या ज्या पेशी इस्ट्रोजेन बनवतात, त्यांचं काम हे एमईएचपी मंदावतं, असं उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पेशींमध्ये दिसलंय.

मात्र ‘थोडं’ म्हणजे किती, यावर शास्त्रज्ञांमध्येच जुंपलेली आहे. अमेरिकी सरकारनं बीपीएवर क्लॅरिटी नावाचा मोठा अभ्यास हाती घेतला, त्याचा मुख्य अहवाल २०१८ साली आला. अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी त्यातून ‘कमी मात्रेला फारसा परिणाम नाही’ असा अर्थ काढला, तर त्याच प्रकल्पातल्या विद्यापीठांच्या संशोधकांनी कमी मात्रेलाही परिणाम दिसतात असं म्हटलं. वाद अजून मिटलेला नाही.

४. स्त्रीबीजं तर जन्मापासूनच अंगात असतात ना? मग आत्ताच्या डब्याचा त्यांच्याशी काय संबंध?

फार चांगला प्रश्न. माझ्या मते सगळ्या विषयाची मेख इथेच आहे.

मुलगी आईच्या पोटात साधारण पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या बीजांडकोशात ६० ते ७० लाख स्त्रीबीजं असतात. जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होईपर्यंत तीन-चार लाख. पुढे आयुष्यभरात त्यांतली चार-पाचशेच पक्व होऊन बाहेर पडतात. ही सगळी बीजं पोटात असतानाच आपलं विभाजन सुरू करतात, आणि मध्येच थांबतात. अर्धवट विणलेलं स्वेटर सुयांसकट ट्रंकेत ठेवावं तशी. पस्तिसाव्या वर्षी जे बीज बाहेर पडतं, ते पस्तीस वर्षं तसंच थांबलेलं असतं.

म्हणजे धोक्याचे काळ दोन. पहिला आईच्या पोटातला, जेव्हा गुणसूत्रांच्या जोड्या लागतात. त्या काळातली आपली बाजू आता आपल्या हातात नाही, ती आपल्या आयांच्या काळातच होऊन गेली. दुसरा काळ बीज बाहेर पडण्याआधीच्या साधारण तीन महिन्यांचा. सोनोग्राफीत आपण ज्याची ‘फॉलिकल स्टडी’ करतो, ते फॉलिकल, म्हणजे बीजाभोवतीची पाण्याची पिशवी, त्या काळात झपाट्यानं वाढतं आणि त्यातल्या पाण्यात बीज पोहत असतं. बीपीए आणि थॅलेटचे अंश त्या पाण्यातही मोजले गेलेत. अगदी शेवटच्या तासांत थांबलेलं विभाजन पुन्हा सुरू होतं. आत्ताच्या डब्याचा संबंध असलाच, तर तो या दुसऱ्या काळाशी.

५. उंदरांच्या पिंजऱ्यांचा एक किस्सा वाचला होता. तो खरा आहे का?

खरा आहे, आणि मला तो कितीही वेळा सांगायला आवडतो.

ऑगस्ट १९९८, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. पॅट्रिशिया हंट नावाच्या जनुकशास्त्रज्ञ स्त्रीबीजांच्या विभाजनावर काम करत होत्या. आई जसजशी वयानं वाढते तसतशी बीजातल्या गुणसूत्रांची वाटणी का चुकते, हा त्यांचा विषय. बीज विभागताना गुणसूत्रं मधोमध एका ओळीत येतात, प्रार्थनेला पोरं उभी राहतात तशी. त्यांच्या प्रयोगातल्या निरोगी, तरुण माद्यांमध्ये ही ओळ बिघडलेली बीजं शेकड्यात एक-दोन असायची. त्या महिन्यात एकदम चाळीस झाली. आणि तीही ज्यांना काहीच दिलेलं नव्हतं, तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांमध्ये!

हवा तपासली, पाणी तपासलं, खाणं तपासलं. शेवटी कळलं की एका बदली कामगारानं पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या फरशी धुवायच्या तीव्र अल्कधर्मी साबणानं धुतल्या होत्या. प्लास्टिक पांढुरकं पडलं होतं, चिकट झालं होतं आणि त्यातून बीपीए झिरपत होतं. मग हंट यांच्या चमूनं मुद्दाम त्याच साबणानं पिंजरे खराब केले, वेगळ्या उंदरांना थेट बीपीए दिलं आणि तोच बिघाड पुन्हा घडवून दाखवला. हे सगळं २००३ साली प्रसिद्ध झालं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण वीसेक वर्षांनी, हंट वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात असताना, तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांचे आकडे पुन्हा विचित्र येऊ लागले. पिंजरे आता पॉलिसल्फोन या दुसऱ्या प्लास्टिकचे होते. तेही खराब झाले होते आणि त्यातून इतर रसायनांबरोबर बीपीएस झिरपत होतं. म्हणजे बीपीएला पर्याय म्हणून जे वापरतात, तेच. हा शोधनिबंध २०१८चा.

याच चमूनं २००७ साली आणखी एक गोष्ट दाखवली. गाभण मादीला बीपीए दिलं, तर पोटातल्या मादी पिल्लांची बीजं घडतानाच बिघाड होतो, आणि ती पिल्लं मोठी झाली की त्यांच्या बीजांत नि गर्भांत गुणसूत्रांच्या चुका वाढतात. एका घोटात आजी, आई आणि नात अशा तीन पिढ्या आल्या. २०१२ साली ऱ्हीसस माकडांच्या गर्भातल्या बीजांडकोशातही तशाच प्रकारची गडबड दिसली.

६. उंदीर ठीक आहेत हो, पण बायकांवर काय दिसलं?

बायकांना मुद्दाम बीपीए पाजून प्रयोग करता येत नाही. मग राहतं ते निरीक्षण. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा ‘अर्थ’ नावाचा अभ्यास २००४ पासून हार्वर्डच्या संशोधकांनी चालवला. लघवीत बीपीए जास्त असलेल्या बायकांकडून आयव्हीएफमध्ये (बीज बाहेर काढून प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या उपचारात) कमी बीजं मिळाली, असं त्यातल्या सुरुवातीच्या निष्कर्षांत आलं. बीजांडकोशातल्या छोट्या फॉलिकलची संख्याही कमी दिसली. डीईएचपीबद्दलचा निष्कर्ष २०१६चा: त्याचे अंश जास्त, तर बीजं कमी आणि मूल घरी येण्याची शक्यताही कमी.

आता दुसरी बाजू. त्याच अभ्यासात अधिक बायका सामील झाल्यावर २०१५ साली बीपीए आणि आयव्हीएफच्या निकालांचा संबंध सापडला नाही. पुढे आहाराकडे पाहिलं तेव्हा असं दिसलं, की सोयाबीनचे पदार्थ न खाणाऱ्यांमध्ये बीपीए जास्त असेल तर निकाल खालावतो, खाणाऱ्यांमध्ये खालावत नाही. (हे छापल्याबरोबर फोन येतील, म्हणून आधीच सांगते: उपाय म्हणून सोयावड्या खायला लागू नका. हे निरीक्षण आहे, औषध नाही.)

बॉस्टनमध्येच २०१३ साली एक थेट प्रयोग झाला. उपचारात वापरता न येणारी, म्हणजे एरवी टाकूनच दिली असती अशी ३५२ अपक्व स्त्रीबीजं घेऊन ती बीपीए घातलेल्या द्रवात वाढवली. बीपीए जसजसं वाढवलं तसतशी कमी बीजं पक्व झाली. मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो, कारण बीजं माणसाचीच होती. पण ताटलीतलं बीज म्हणजे शरीरातलं बीज नव्हे. शरीरात यकृत आणि मूत्रपिंडं आपलं काम करत असतात.

७. ‘बीपीए-फ्री’ लिहिलेली बाटली घेतली की झालं ना?

त्यात बीपीए नाही एवढंच त्यावरून कळतं. बीपीएस किंवा बीपीएफ आहे की नाही, हे तो शिक्का सांगत नाही. पिंजऱ्यांच्या गोष्टीचा दुसरा भाग (प्रश्न ५) म्हणूनच सांगितला. स्टील किंवा काच घेतली तर हा हिशेबच करावा लागत नाही.

८. डब्याखाली त्रिकोणात आकडा असतो, तो कसा वाचायचा?

१ म्हणजे पेट, मिनरल वॉटरची बाटली. २ आणि ४ पॉलिथिन. ५ पॉलिप्रॉपिलिन, झाकण घट्ट बसणारे बहुतेक स्वयंपाकघरातले डबे याचे. ३ म्हणजे पीव्हीसी, इथे थॅलेटची शंका घ्यावी. ६ पॉलिस्टायरीन, थर्माकोलची ताटं-वाट्या. ७ म्हणजे ‘इतर’, आणि या इतरांत पॉलिकार्बोनेटही येतं. अन्नासाठी ३, ६, ७ टाळा. आकडाच नसेल तर तो डबा रव्याला-साखरेला ठेवा, गरम आमटीला नको.

एक गैरसमज वारंवार येतो. पेटचं पूर्ण नाव पॉलिएथिलीन टेरेथॅलेट, म्हणून ‘यात थॅलेट आहे’ असे मेसेज फिरतात. नाव जुळतं, रसायन वेगळं. लवचीकपणासाठी घालतात ते थॅलेट हे नव्हे. पेटची बाटली उन्हात तापलेल्या गाडीत ठेवून महिनोन् महिने पुन्हा भरू नये हे खरं, पण त्याचं कारण नावात नाही.

९. ऑफिसच्या डब्यात गरम पोळी-भाजी नेते, दुपारी मायक्रोवेव्हमध्ये तापवते. किती वाईट?

चार गोष्टी पाहायच्या: उष्णता, तेल, आंबटपणा आणि डब्याचं वय. चारही एकत्र आल्या की झिरपणं वाढतं. थंड काकडी प्लास्टिकमध्ये नेली तर मला काळजी वाटणार नाही. उकळतं, तर्रीदार कालवण पाच वर्षं जुन्या डब्यात ओतलं तर वाटेल.

तुमचा जुना डबा एकदा उजेडात धरून बघा. आत कडेला हळदीचा पिवळा-केशरी पट्टा असेल, कितीही घासला तरी न जाणारा. रश्शाची तेलकट हळद प्लास्टिकच्या आत शिरलीय. तळाशी घासणीचे बारीक ओरखडे असतील आणि मूळचा पारदर्शकपणा जाऊन तो धुरकट झाला असेल. असा डबा खिळे-बटणं ठेवायला द्यावा. ‘मायक्रोवेव्ह सेफ’चा अर्थ डबा वितळणार नाही, वेडावाकडा होणार नाही, एवढाच. त्यातून काय झिरपतं याची ती हमी नव्हे. अन्न तापवताना काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्यात काढून घ्या, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

१०. टपरीवरून पिशवीतून पार्सल चहा आणतो. आणि कागदी कप तर सुरक्षित असतो ना?

पिशवीतला चहा बंद करा. प्लास्टिक कोणतं ते माहीत नाही, वर उकळता चहा आणि दुधातली स्निग्धता. थर्मास किंवा किटली न्या, टपरीवाले भरून देतात.

कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, नाहीतर चहा गळून जाईल. खरगपूरच्या आयआयटीत केलेल्या मोजणीनुसार गरम द्रव पंधरा मिनिटं अशा कपात ठेवला, तर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिककण उतरतात. हे कण आणि हार्मोन बिघडवणारी रसायनं या एकच गोष्टी नव्हेत (प्रश्न १९). तरी काचेचा ग्लास कधीही बरा.

११. आमच्या सोसायटीत २० लिटरचे जार येतात. ते बदलायचे का?

निळसर, टणक, ठोकल्यावर खणखणणारे जार बरेचदा पॉलिकार्बोनेटचे असतात. तळाचा आकडा पाहा. हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी एक आठवडा पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून थंड पेयं प्यायली, तेव्हा त्यांच्या लघवीतलं बीपीए ६९ टक्क्यांनी वाढलं. तेही थंड पेयांवर! आपले जार उघड्या टेम्पोत उन्हात फिरतात आणि वर्षानुवर्षं घासून पुन्हा भरले जातात. पुरवठादाराला पेटचे जार मागा, नाहीतर घरी गाळून-उकळून स्टीलच्या पिंपात किंवा माठात भरा.

१२. डबाबंद आमरस, रसगुल्ले, मशरूम?

पत्र्याच्या डब्याच्या आतल्या थरात बीपीए असू शकतं (प्रश्न २). हार्वर्डच्याच २०११च्या प्रयोगात पाच दिवस रोज एकदा डबाबंद सूप प्यायलेल्यांच्या लघवीत बीपीए, ताजं सूप पिण्याच्या दिवसांच्या तुलनेत, १२०० टक्क्यांहून अधिक वाढलेलं आढळलं. आकडा दचकवणारा आहे, पण ती वाढ तात्पुरती असते. वर्षातून दोनदा पाहुणे आले म्हणून आमरसाचा डबा फोडला, तर अपराधी वाटून घेऊ नका. रोजच्या जेवणात डबे असतील तर कमी करा.

१३. लोणचं, तेल, तूप कशात ठेवू?

लोणचं आंबट आणि तेलकट, शिवाय वर्षभर मुरणार. चिनी मातीची बरणी किंवा काच. तूप स्टीलच्या किंवा काचेच्या बरणीत. तेलाचा डबा घरी आणला की स्टीलच्या बुधल्यात ओता.

१४. मी मॉलमध्ये कॅशियर आहे. दिवसभर पावत्या फाडते. काही होईल का?

गुळगुळीत, नखानं ओरखडा काढला की काळी रेघ उठते तो थर्मल कागद. त्यावर बीपीए किंवा बीपीएस भुकटीसारखं मोकळंच असतं, त्यामुळे बोटांना लागतं. युरोपात जानेवारी २०२० पासून अशा कागदात बीपीएवर कडक मर्यादा आहे. हातांना सॅनिटायझर किंवा क्रीम लावून लगेच पावती धरली तर त्वचेतून जास्त शिरतं, हे अमेरिकेतल्या मिसूरीमधल्या प्रयोगात दिसलंय. म्हणून सॅनिटायझर लावला की तो पूर्ण वाळू द्या, जेवणाआधी साबणानं हात धुवा, पावत्यांचा गठ्ठा ओठांत धरू नका. दिवस राहिले असतील तर काउंटर बदलून मागायला हरकत नाही.

१५. रक्त किंवा लघवी तपासून कळेल का माझ्या अंगात किती आहे?

आकडा कळेल, उपयोग होणार नाही. बीपीए आणि थॅलेट काही तासांत लघवीवाटे निघून जातात. सकाळची तपासणी म्हणजे काल रात्रीच्या जेवणाची तपासणी. ‘या आकड्याच्या वर असेल तर अमुक उपचार’ असं कोष्टक कुठल्याच डॉक्टरकडे नाही. ते पैसे एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) आणि नवऱ्याच्या वीर्यतपासणीवर खर्च करा.

१६. सगळं बदललं तर किती दिवसांत फरक पडेल? डिटॉक्स ज्यूस घेऊ का?

अमेरिकेत २०११ साली पाच कुटुंबांतल्या २० जणांना तीन दिवस ताजं, प्लास्टिकचा स्पर्श टाळून शिजवलेलं अन्न दिलं. लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी घसरलं, डीईएचपीचे अंशही निम्म्याहून खाली आले. पुन्हा नेहमीचं खाणं सुरू झाल्यावर वाढले. काढून टाकायचं काम शरीर फुकटात करतं, ज्यूस लागत नाही. आपण आत जाणं कमी करायचं.

बीजाच्या दृष्टीनं तीन महिन्यांचा हिशेब धरा (प्रश्न ४). आयव्हीएफची तारीख ठरलेली असेल तर त्याआधीचे तीन महिने तरी गरम अन्न आणि प्लास्टिक यांची गाठ पडू देऊ नका. त्यामुळे गर्भ राहण्याचं प्रमाण वाढतं, हे अजून कुणी प्रयोगानं सिद्ध केलेलं नाही. पण यात खर्च थोडा आणि नुकसान शून्य, म्हणून मी सांगते.

१७. मग काहीच साठून राहत नाही असं समजायचं?

नाही, इथे एक मोठा अपवाद आहे. प्लास्टिक जाळल्यावर, विशेषतः पीव्हीसी, डायॉक्सिन तयार होतात. तीही हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करतात, चरबीत साठतात, आणि त्यांतल्या सगळ्यात विषारी प्रकाराचं प्रमाण निम्मं व्हायलाच सात वर्षांच्या आसपास लागतात. पाणी तापवायच्या बंबात पेटवण म्हणून पिशव्या, जुन्या चपला, वायरचे तुकडे टाकायची सवय गावोगाव आहे. दारामागे कचरा पेटवतात तोही तसाच. डबे बदलण्याआधी हे थांबवा.

१८. मला पीसीओडी आहे. तो प्लास्टिकमुळेच झाला का? आणि एंडोमेट्रिओसिस?

पीसीओडी असलेल्या बायकांच्या रक्तात बीपीए जास्त सापडतं, अथेन्सच्या २०११च्या अभ्यासातही तेच दिसलं. पण कोंबडी आधी की अंडं, हा प्रश्न राहतो. पीसीओडीत पुरुषी हार्मोन वाढतात, आणि त्यांच्यामुळे बीपीए शरीराबाहेर जाण्याचा वेग मंदावतो असं मानायला आधार आहे. एंडोमेट्रिओसिसबाबत (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) हैदराबादच्या २००६च्या अभ्यासात त्या बायकांच्या रक्तात थॅलेट जास्त आढळले होते, इतरत्रचे निष्कर्ष मात्र दोन्ही बाजूंचे आहेत. दोन्हींमध्ये तुमचे चालू उपचार बदलावेत असं यातून काही निघत नाही.

१९. बीजांडकोशात मायक्रोप्लास्टिक सापडलं अशी बातमी होती. हे तेच का?

वेगळं. मायक्रोप्लास्टिक म्हणजे प्लास्टिकचे कण. वर चाललंय ते प्लास्टिकमधून सुटणाऱ्या रसायनांबद्दल. इटलीत आधी नाळेत आणि मग, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १८ पैकी १४ बायकांच्या फॉलिकलमधल्या पाण्यात असे कण सापडले. सापडणं ही एक गोष्ट, त्यांनी काय केलं हे कळणं दुसरी. त्या दुसऱ्या गोष्टीवर बोलण्याइतका पुरावा अजून नाही.

२०. सासूबाई मला स्टीलचे डबे आणून देतात, ह्यांच्या हातात मात्र प्लास्टिकची बाटली. पुरुषांना काही होत नाही का?

होतं. थॅलेटचा सगळ्यात जुना आणि ठळक दोष तर नरांच्या बाबतीतलाच आहे: प्राण्यांत गर्भावस्थेत टेस्टोस्टेरॉन कमी होतं आणि जननेंद्रियांच्या घडणीत फरक पडतो. मुंबईत परळला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. तिथल्या संशोधकांनीच दाखवलंय, की जन्माच्या आगेमागे बीपीए मिळालेल्या नर उंदरांची प्रजननक्षमता पुढे घटते. शुक्राणू तयार व्हायलाही अडीच-तीन महिने लागतात, म्हणजे प्रश्न १६ मधला हिशेब त्यांनाही लागू. सासूबाईंना हे उत्तर वाचायला द्या.

२१. आयव्हीएफच्या लॅबमध्ये सगळं प्लास्टिकच असतं, मग?

हो, माझ्या हातात दिवसभर प्लास्टिकच असतं. गर्भ वाढवायच्या ताटल्या पॉलिस्टायरीनच्या असतात. वर ६ नंबर टाळा म्हटलं ते अन्नासाठी. इथे तापमान ३७ अंश, ताटली एकदाच वापरायची, आणि आयव्हीएफसाठी बनवलेल्या ताटल्यांच्या तुकड्या उंदरांचे गर्भ त्यात नीट वाढतात का हे पाहूनच बाजारात येतात. तिथे पास न झालेला माल आमच्यापर्यंत येत नाही.

सलाइनच्या नळ्या आणि रक्ताच्या पिशव्या यांचं उत्तर वेगळं. मऊ पीव्हीसीच्या रक्तपिशवीत डीईएचपी असतं आणि त्याच्यामुळे लाल पेशी जास्त दिवस टिकतात. रक्त चढवायची गरज असेल तेव्हा हा विचार मनातही आणू नका.

२२. दिवस राहिलेत. आता काय? आणि पुढे बाळाला अंगावर पाजायचं की नाही?

पहिला धोक्याचा काळ (प्रश्न ४) आता तुमच्या बाळाचा चालू आहे, म्हणून प्रश्न ९ ते १४ जरा काटेकोर पाळा. जगभरातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या फिगो या संघटनेनं २०१५ साली अशा रसायनांबद्दल रुग्णांशी बोलावं असं डॉक्टरांना सांगितलंय, तेव्हा तुमच्या डॉक्टरांना बिनधास्त विचारा. या भीतीनं अंगावर पाजणं थांबवू नका. दुधात अंश सापडतात म्हणून बाटली धरली, तर पावडरच्या दुधाबरोबर प्लास्टिक उलट वाढतं. बाटली लागलीच तर काचेची, किंवा सरळ वाटी-चमचा. भारतीय मानक ब्युरोनं २०१५ पासून बाळाच्या बाटलीत पॉलिकार्बोनेटला मनाई केलीय, तरी रस्त्यावरच्या बिननावाच्या बाटल्या घेऊ नका.

२३. एवढं आहे तर सरकार बंदी का घालत नाही?

युरोपात घातलीय. तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं २०२३ साली बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २० हजार पटींनी खाली आणली, आणि अन्नाला लागणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरायला डिसेंबर २०२४ मध्ये मनाई झाली. कारखान्यांना त्यासाठी मुदत दिलीय. आपल्याकडे बाळाच्या बाटल्यांचा नियम आहे (प्रश्न २२), मोठ्यांच्या डब्याबाटल्यांना तसा नाही. महाराष्ट्रातली २०१८ची प्लास्टिकबंदी किंवा देशभरातली २०२२ची, दोन्ही कचऱ्यासाठी होत्या, हार्मोनसाठी नव्हेत. त्यामुळे ‘जाड पिशवी चालते’ याचा अर्थ तिच्यात गरम सांबार चालतं असा होत नाही.

२४. माझं वय ३८, एएमएच कमी आलंय. आधी सहा महिने प्लास्टिक सोडून बघते, मग आयव्हीएफचं ठरवते. चालेल?

नाही चालणार. हा प्रश्न वाचला की मला धस्स होतं, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलाय. पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर डॉक्टरांकडे जायचं असतं, तुमचे ते सहा महिने बहुधा होऊन गेलेत. अडतिसाव्या वर्षी सहा महिन्यांत बीजांची संख्या आणि दर्जा जितका घसरतो, तितकं कुठलाही डबा बदलून परत मिळत नाही. स्टीलचा डबा आज घ्या आणि अपॉइंटमेंटही आजच घ्या. जाताना पाळीच्या तारखा, जुन्या सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि ह्यांच्या वीर्यतपासणीचा कागद बरोबर न्या. ती तपासणी केलेली नसेल तर पहिल्याच भेटीत ती लिहून देतील.